संगणकाच्या पाटीवरील शिळी अक्षरे



साध्या लंबकाचा प्रयोग तुम्ही केलाच असेल. वीस दोलनांना किती वेळ लागतो, ते विरामघड्याळाने मोजावयाचे असते. आता अशी कल्पना करा, की तुमच्या आधीच्या गटाने घड्याळ ३७ सेकंदांवर थांबवले आणि तसेच टेबलावर ठेवून दिले. तुम्ही ते शून्यावर न आणताच चालू केले. दोलने मोजण्यात तुमची चूक नाही, घड्याळात दोष नाही, पुढील आकडेमोडही बिनचूक आहे. तरीही उत्तर ३७ सेकंदांनी चुकणार. हे ३७ सेकंद तुमच्या प्रयोगाचे नाहीतच. ते दुसऱ्या कोणाच्या तरी प्रयोगाचे उरलेले आहेत.

संगणकाच्या आज्ञावल्यांमध्ये नेमकी हीच चूक वारंवार होते. माहिती साठवण्यासाठी स्मृतीत जागा घेतली जाते, पण तिला आरंभमूल्य देण्याचे राहून जाते. मग आधी तेथे जे काही होते तेच नव्या माहितीचा भाग म्हणून वापरले जाते. विरामघड्याळाच्या बाबतीत काटा निदान डोळ्यांना दिसतो. स्मृतीतील शिळा अंक दिसत नाही, आणि तो ३७ असेल, शून्य असेल किंवा एखाद्या गृहस्थाच्या खाजगी पत्रातील दोन अक्षरेही असतील.

शेवटची शक्यता कल्पनेतील नाही. लिनक्स या संचालन प्रणालीत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, २००५ साली असा दोष उघडकीस आला. तुम्ही ईएक्सटी-२ पद्धतीने तयार केलेल्या डिस्कवर नवीन फोल्डर उघडला, की संगणकाच्या स्मृतीतील ४,०७२ बाइटपर्यंत भलतीच माहिती गुपचूप त्या डिस्कवर लिहिली जात असे. फोल्डर रिकामाच दिसे. हा दोष एका ओळीने दुरुस्त झाला. ती ओळ कोणती आणि तिची गरज का पडली, हे समजून घेऊ या.

स्मृती कधीच रिकामी नसते

आपण सहज म्हणतो, की संगणकाची स्मृती रिकामी आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने या वाक्याला अर्थ नाही. पेला रिकामा असू शकतो, कारण पाणी असणे आणि नसणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. स्मृतीचा एक बिट म्हणजे एक अतिशय लहान धारित्र, ज्याला आपण कपॅसिटर म्हणतो. त्यावर विद्युतभार असेल तर एक अंक, नसेल तर दुसरा. तिसरी अवस्थाच नाही. आठ बिटांचा एक बाइट होतो आणि त्यात ० ते २५५ यांपैकी एखादा अंक असतोच असतो. ‘येथे अजून कोणी काही लिहिलेले नाही’ हे सांगणारा २५७ वा पर्याय बाइटाजवळ नाही. आजच्या लेखातील सगळी अडचण या एका गोष्टीतून उभी राहते.

हे धारित्र किती लहान असते याचा अंदाज करू. धारकता १० फेमटोफॅरड, म्हणजे १० गुणिले दहाचा उणे पंधरावा घात फॅरड, आणि विभवांतर १ व्होल्ट धरा. भार म्हणजे धारकता गुणिले विभवांतर. एका इलेक्ट्रॉनच्या भाराने त्याला भागले, की सुमारे ६२ हजार इलेक्ट्रॉन असे उत्तर येते. इतका अल्प भार टिकणार किती वेळ? तो हळूहळू गळत राहतो. म्हणून सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक धारित्र वाचून पुन्हा भरावे लागते. हे काम स्मृतीची यंत्रणा आपोआप करते, आणि त्यात ती निवड करीत नाही. कामाची माहिती आणि टाकाऊ माहिती ती सारख्याच निष्ठेने जपते.

वीज बंद केली तर? तरीही सारे क्षणार्धात नाहीसे होत नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. साध्या तापमानाला स्मृतीतील माहिती काही सेकंद टिकते असे त्यांना आढळले. धूळ उडवण्याच्या फवाऱ्याचा डबा उलटा धरून त्यांनी स्मृतीचे पट्टे उणे ५० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले. मग वीज तोडून दहा मिनिटे झाली तरी एक टक्क्याहूनही कमी बिट बिघडले होते. वीज नसताना स्मृती इतकी चिवट, तर चालू संगणकात ती काय काय धरून ठेवीत असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

जुने बिऱ्हाड, नवे बिऱ्हाड

चालू संगणकात स्मृतीचे वाटप संचालन प्रणालीचा गाभा करतो. त्याला कर्नल म्हणतात. लिनक्सचा गाभा लिहिण्यास लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रारंभ केला. आज अँड्रॉइड फोनमध्येही तोच गाभा असतो, म्हणून हा विषय तुम्हांला वाटतो तितका दूरचा नाही. स्मृतीचे साधारणपणे ४,०९६ बाइटांचे एकेक ‘पान’ कल्पिलेले असते. आज्ञावली संपली की तिची पाने गाभ्याकडे परत येतात आणि मागणी येताच दुसऱ्याला दिली जातात.

भाड्याची खोली एकाने सोडली आणि दुसऱ्याला दिली, तसाच हा प्रकार आहे. खोली झाडून द्यावयाची, पण केव्हा? पहिला गेल्याबरोबर, की दुसरा येण्यापूर्वी? लिनक्सची नेहमीची रीत दुसरी आहे. तुमच्याआमच्या आज्ञावलीला पान देताना गाभा ते शून्यांनी पुसून देतो. नाहीतर एकाची गुपिते दुसऱ्याला वाचता आली असती. मात्र गाभा स्वतःच्या कामासाठी जेव्हा स्मृती घेतो, तेव्हा पुसण्याची सक्ती नसते. त्याच्याजवळ दोन साधने आहेत. ‘केमॅलॉक’ने मागितलेली जागा जशी असेल तशी मिळते, तर ‘केझॅलॉक’ने मागितलेली शून्ये भरून मिळते. नावांत अक्षराचा फरक, परिणामांत मात्र जमीनअस्मानाचा.

न पुसता जागा घेण्याची मुभा तरी का ठेवावी? कारण पुसण्यालाही वेळ लागतो. ज्या पानावर पुढच्याच क्षणी डिस्कवरून वाचलेली पूर्ण ४,०९६ बाइट माहिती येऊन पडणार आहे, ते आधी शून्यांनी भरणे म्हणजे जेवणाच्या ताटावर ताट घासण्यासारखे झाले. हा युक्तिवाद बरोबर आहे. अट एवढीच, की येणारी माहिती खरोखर पूर्ण पान व्यापणारी असली पाहिजे.

चोवीस बाइट आणि बाकीचे

आता २००५ च्या दोषाकडे वळू. फोल्डर म्हणजे डिस्कवरील एक यादी. ईएक्सटी-२ पद्धतीत या यादीतील प्रत्येक नोंद पुढीलप्रमाणे असते. पहिले ४ बाइट फाईलचा क्रमांक सांगतात. त्याला आयनोड क्रमांक म्हणतात. पुढील २ बाइट नोंदीची एकूण लांबी, १ बाइट नावाची लांबी आणि १ बाइट फाईलचा प्रकार. हे झाले ८ बाइट. त्यानंतर नाव, आणि नोंदीचा आकार चारच्या पटीत येईल इतकी मोकळी जागा.

अगदी नव्या फोल्डरमध्येही दोन नोंदी असतातच. एक टिंब हे पहिल्या नोंदीचे नाव. ती नोंद म्हणजे तो फोल्डर स्वतः. दोन टिंबे हे दुसरीचे नाव. ती त्याला सामावून घेणाऱ्या वरच्या फोल्डरकडे बोट दाखवते. पहिल्या नोंदीला ८ अधिक १ म्हणजे ९ बाइट लागतात. चारच्या पटीत आणल्यावर १२ होतात. दुसरीला १० लागतात, तिचेही १२. दोन्ही मिळून चोवीस बाइट.

परंतु डिस्कवर जागा ब्लॉकच्या मापाने दिली जाते, आणि मोठ्या डिस्कवर हा ब्लॉक बहुधा ४,०९६ बाइटांचा असतो. उरलेल्या जागेचे काय? योजना अशी आहे, की शेवटच्या नोंदीने आपली लांबी उरलेला सारा ब्लॉक व्यापेल इतकी सांगावयाची. म्हणून दोन टिंबांच्या नोंदीत लांबी म्हणून ४,०९६ वजा १२, म्हणजे ४,०८४ हा आकडा लिहिलेला असतो. यादी वाचणारी आज्ञावली नावाची लांबी पाहते, दोन अक्षरे उचलते आणि नोंदीच्या लांबीइतकी उडी मारते. उडी संपते तेथे ब्लॉकही संपतो. मधले ४,०७२ बाइट कोणीही वाचीत नाही.

आणि कोणी लिहीतही नव्हते! नवा फोल्डर तयार करणारे फंक्शन स्मृतीचे एक पान घेई, त्याच्या आरंभी चोवीस बाइट लिही आणि सबंध ब्लॉक डिस्ककडे पाठवून देई. त्या पानात आधी कोणाचे बिऱ्हाड होते, त्यावर पुढचा मजकूर अवलंबून. एखाद्या पत्राचा तुकडा, हिशोबाच्या तक्त्याचे चार रकाने, किंवा थोड्या वेळापूर्वी टाईप केलेला पासवर्ड, काहीही.

हे घडले कसे, तो भाग मला स्वतःला सर्वांत बोधप्रद वाटतो. लिनक्समध्ये खालच्या पातळीवर एक फंक्शन असे होते, की ते नव्या ब्लॉकची ‘न लिहिली जाणारी’ जागा शून्यांनी भरीत असे. म्हणजे पुसण्याची सोय अस्तित्वात होती. पण ते फंक्शन वरच्याला विचारी, ‘तू कोठून कोठपर्यंत लिहिणार आहेस?’ वरचा सांगे, ‘शून्यापासून ब्लॉकच्या शेवटापर्यंत.’ मग खालच्याला पुसण्यासारखे काही उरतच नसे. वरच्याने शब्द दिला सबंध ब्लॉकचा आणि लिहिले चोवीस बाइट. दोन्ही फंक्शने वेगवेगळी तपासली तर प्रत्येक आपापल्या जागी शहाणी दिसतात. दोष दोघांमधील करारात होता.

मार्च २००५ मध्ये आलेल्या २.६.११.६ या आवृत्तीत दुरुस्ती झाली. पान हाती आल्याबरोबर, पहिली नोंद लिहिण्यापूर्वी, ‘मेमसेट’ या फंक्शनने सबंध ब्लॉकभर शून्ये भरावयाची, एवढीच ती एक ओळ. सुरक्षा-दोषांच्या जागतिक नोंदवहीत हा दोष सीव्हीई-२००५-०४०० या क्रमांकाने नोंदलेला आहे.

यात धोका नेमका कोणाला होता? नेहमीच्या वापरात फोल्डर उघडून ती शिळी अक्षरे दिसत नसत, आणि म्हणूनच दोष लपून राहिला. पण डिस्क ही हातोहात फिरणारी वस्तू आहे. पेन ड्राइव्ह दुसऱ्याला द्या, जुनी डिस्क विका, की तो मनुष्य फाईल-व्यवस्थेला बाजूला सारून थेट ब्लॉक वाचू शकतो. समजा, एका डिस्कवर एक हजार फोल्डर केले आहेत. प्रत्येकी ४,०७२ म्हणजे जवळजवळ ४१ लाख बाइट झाले. छापील मजकुराच्या हिशोबाने ही मोठमोठी पुस्तके भरतील. आणि आज्ञावली दुरुस्त केल्याने आधी लिहून ठेवलेले ब्लॉक आपोआप स्वच्छ होत नाहीत, हेही ध्यानात घ्या. ज्या डिस्कवर शिळी अक्षरे पोचली ती त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तेथेच राहणार.

शून्य भरले म्हणजे झाले का?

वरील उदाहरणात शिळी माहिती बाहेर फुटली, पण गाभ्याने तिचा उपयोग केला नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे गाभा तिच्या आधारे निर्णय घेतो. फाईल-व्यवस्थेत माहितीची एकेक रचना अनेक रकान्यांची असते. फाईलचा आकार, किती जण ती वापरीत आहेत याची मोजणी, आणि दुसऱ्या रचनेचा पत्ता सांगणारा पॉइंटर. समजा, पाच रकाने आहेत आणि फंक्शन ते एकेक करून भरीत चालले आहे. दुसऱ्या रकान्यानंतर डिस्क वाचताना अडथळा आला. आता आवरते घ्यावयाचे म्हणून आज्ञावली ‘साफसफाई’च्या भागात उडी मारते. तेथे लिहिलेले असते, की पॉइंटर शून्य नसेल तर तो दाखवील ती स्मृती परत करा. पॉइंटर तर अजून भरलेलाच नाही! त्यात शिळा अंक आहे, तो शून्य नाही, आणि तो ज्या जागेकडे बोट दाखवतो ती दुसऱ्याच कोणाची तरी आहे. ती परत केली गेली, की काही मिनिटांनी संगणक भलत्याच ठिकाणी कोसळतो आणि शोधणारा तिसऱ्याच फंक्शनमध्ये चूक धुंडाळत बसतो.

असे दोष बहुधा अडथळ्याच्या वाटेवरच दडलेले असतात, कारण ती वाट रोज चालली जात नाही. उपाय असा, की रचना जन्माला येताच तिचे सर्व रकाने ठरावीक मूल्यांनी भरावेत, पुढे ‘सवडीने’ नव्हे.

येथे सी भाषा शिकणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फंक्शनच्या बाहेर घोषित केलेल्या चलांना ती भाषा स्वतःच शून्य मूल्य देते, पण फंक्शनच्या आत घोषित केलेल्या साध्या चलांना काहीही देत नाही. नवशिक्याचा गोंधळ येथेच होतो. दुसरा सापळा अधिक लबाड आहे. एका रचनेत आधी १ बाइटाचा आणि मग ४ बाइटांचा रकाना ठेवला, तर रचना ५ बाइटांची होईल असे वाटते. प्रत्यक्षात ती बहुधा ८ बाइटांची होते, कारण ४ बाइटांचा अंक चारच्या पटीतील पत्त्यावर ठेवणे यंत्राला सोयीचे असते. मधले ३ बाइट म्हणजे नाव नसलेली फट. तुम्ही दोन्ही रकाने काळजीपूर्वक भरलेत तरी ती फट शिळीच राहते, आणि रचनेची नक्कल बाहेर दिली की तिच्याबरोबर तेही तीन बाइट जातात. म्हणून अशा ठिकाणी रकाने भरण्यापूर्वी आख्खी रचनाच मेमसेटने पुसून काढतात.

मग सगळीकडे शून्य भरावे आणि निश्चिंत व्हावे? तसेही नाही. शून्य हे आरंभमूल्य म्हणून चालते, ते रचना तशी आखलेली असते म्हणून. ईएक्सटी-२ मध्ये आयनोड क्रमांक शून्य म्हणजे ‘ही नोंद वापरात नाही’ असा संकेतच आहे. याउलट उघडलेल्या फाईलींना युनिक्सच्या वंशातील प्रणाली जे क्रमांक देतात ते शून्यापासून सुरू होतात. तेथे ‘अजून फाईल नाही’ यासाठी शून्य लिहिले तर एखादी खरीखुरी फाईल भलत्याच वेळी बंद व्हायची. त्या ठिकाणी उणे एक लिहिण्याची पद्धत आहे.

पंधराशे कोटी शून्ये

डिस्कच्या बाबतीत पुसण्याचा खर्च किती असतो, त्याचा हिशोब करू. ईएक्सटी-४ ही ईएक्सटी-२ ची नात म्हणा हवी तर. नवी डिस्क तयार करताना ती नेहमीच्या मापाने दर १६,३८४ बाइटांमागे एक आयनोड राखून ठेवते, आणि प्रत्येक आयनोड २५६ बाइटांचा असतो. एक लाख कोटी बाइटांची, म्हणजे एक टेराबाइटची डिस्क घ्या. भागाकार केला की सुमारे ६ कोटी १० लाख आयनोड होतात. त्यांचा तक्ता सुमारे १,५६२ कोटी बाइटांचा झाला. जुन्या डिस्कवर या जागेत आधीच्या फाईलींचे आयनोड असू शकतात आणि दुरुस्ती करणारी आज्ञावली त्यांना खरे मानून बसेल, म्हणून हा तक्ता पुसलाच पाहिजे. सेकंदाला दहा कोटी बाइट लिहिणाऱ्या डिस्कला त्यासाठी अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागेल.

यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. सबंध डिस्क ३२,७६८ ब्लॉकांच्या गटांत विभागलेली असते. प्रत्येक गटाच्या नोंदीत एक खूण ठेवावयाची, ‘या गटाच्या तक्त्याला अजून आरंभमूल्ये दिलेली नाहीत, आत पाहू नका.’ म्हणजे जी तिसरी अवस्था बाइटाजवळ नव्हती, ती बाहेरून जोडून दिली. डिस्क लगेच वापरता येते. २०११ च्या जानेवारीत आलेल्या २.६.३७ या आवृत्तीपासून गाभा पुढे सवडीने, पार्श्वभूमीवर, हे तक्ते शून्यांनी भरीत बसतो. पण एका खुणेवर एवढी भिस्त ठेवली तर ती खूणच बिघडल्यास काय? भरलेल्या गटावर चुकून ‘आत पाहू नका’ अशी पाटी लागली तर त्यातील फाईली हरवल्याच. म्हणून गटाच्या नोंदीबरोबर १६ बिटांचा एक पडताळा अंकही ठेवतात. नोंदीत एक बिट जरी बदलला तरी पडताळा जुळत नाही.

मोठ्या फाईलसाठी जागा आगाऊ राखून ठेवतानाही असाच प्रश्न येतो. एखादी फाईल पुसून टाकली तरी तिचे ब्लॉक डिस्कवर तसेच असतात. फक्त ते मोकळे झाल्याची नोंद होते. ते नव्या फाईलला दिले आणि तिच्या मालकाने लिहिण्यापूर्वीच वाचले, तर त्याला दुसऱ्याची पुसलेली पत्रे दिसतील. म्हणून असा पट्टा ‘न लिहिलेला’ म्हणून नोंदतात, आणि तो वाचणाऱ्यास डिस्ककडे न जाताच शून्ये देतात. ही नोंद ठेवण्यास ईएक्सटी-४ ने नवीन रकाना घेतला नाही. पट्ट्याची लांबी सांगणारा अंक १६ बिटांचा आहे. तो ३२,७६८ किंवा त्याहून कमी असेल तर पट्टा लिहिलेला आहे असे समजावयाचे. अधिक असेल तर पट्टा न लिहिलेला, आणि त्याची खरी लांबी त्या अंकातून ३२,७६८ वजा केल्यावर मिळते. ४०,००० हा अंक दिसला तर ७,२३२ ब्लॉकांचा न लिहिलेला पट्टा. नेमका ३२,७६८ आला तर? वजाबाकी शून्य येते, आणि शून्य लांबीच्या पट्ट्याला काही अर्थ नाही. म्हणून तो अंक लिहिलेल्या पट्ट्यांच्या बाजूला घेऊन टाकला. हिशोबी माणसाने अडगळीतील खिळाही वाया जाऊ दिला नाही.

शिळेपणा ओळखावा कसा?

वाचून सगळे दोष सापडत नाहीत. जुनी युक्ती विष कालवण्याची आहे, आणि तिला तेच नाव आहे. चाचणी करताना नुकत्याच दिलेल्या जागेत प्रत्येक बाइटात ९० हा अंक भरून ठेवतात, परत आलेल्या जागेत १०७. पुढे कोठे फाईलचा आकार ९०, ९०, ९०, ९० अशा बाइटांचा निघाला, की त्या रकान्याला कोणी मूल्य दिलेच नाही हे कळते.

अधिक नेटकी पद्धत डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून लिनक्समध्ये आली. तिचे नाव केएमसॅन. तिच्यात प्रत्येक बाइटाला एक छाया-बाइट जोडलेला असतो. जो बिट अजून कोणी लिहिलेला नाही, त्याच्या छायेत १. लिहिल्याबरोबर छायेत ०. शिवाय हा शिळेपणा कोठून आला, त्याचीही नोंद ठेवली जाते. येथे एक बारकावा आहे. शिळ्या अंकाची नुसती नक्कल केली तर केएमसॅन ओरडत नाही. अंकाबरोबर त्याची छायाही नकलते, एवढेच. त्या अंकावर ‘जर-तर’चा निर्णय घेतला गेला, किंवा तो गाभ्याबाहेर जाऊ लागला, की मात्र घंटा वाजते. याची किंमत मोठी आहे. छाया आणि उगमाची नोंद धरून स्मृती सुमारे तिप्पट लागते आणि गतीही पुष्कळ मंदावते, म्हणून ही सोय चाचणीच्या यंत्रांवरच वापरतात. नेहमीच्या यंत्रांसाठी २०१९ मधील ५.३ या आवृत्तीपासून दुसरी सोय आहे. ती चालू केली तर गाभा स्वतःसाठी घेतलेली जागाही सरसकट पुसून घेतो. थोडा वेळ जास्त जातो. पण मला विचाराल तर जेथे लोकांची खाजगी कागदपत्रे आहेत तेथे तो वेळ जाऊ द्यावा.

त्याच २०१९ साली, ईएक्सटी-२ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांनी, ईएक्सटी-४ मध्ये जवळजवळ तसाच दोष सापडला; क्रमांक सीव्हीई-२०१९-११८३३. फाईल लहान असेपर्यंत तिच्या पट्ट्यांची यादी आयनोडच्या आतच ६० बाइटांत मावते. १२ बाइटांचे शीर्षक आणि १२ बाइटांच्या चार नोंदी. पाचवी नोंद आली, की यादी एका वेगळ्या ब्लॉकात हलवावी लागते. हलवणारे फंक्शन नव्या ब्लॉकात ६० बाइट उतरवून घेई आणि उरलेल्या जागेला हात लावीत नसे. ब्लॉक ४,०९६ बाइटांचा असेल तर ही जागा ४,०३६ बाइटांची. दुरुस्तीसाठी तेथेही उरलेला ब्लॉक मेमसेटने पुसणारी ओळ घालावी लागली. लिनक्सची आज्ञावली सर्वांना वाचण्यास खुली आहे. सी भाषा थोडीफार येत असेल तर ईएक्सटी-२ च्या फोल्डरमधील ‘डीआयआर’ नावाच्या फाईलीत पहिली ओळ आणि ईएक्सटी-४ च्या फोल्डरमधील ‘एक्स्टेंट्स’ नावाच्या फाईलीत दुसरी ओळ तुम्हांला स्वतः शोधून काढता येईल.